क्रॉनची ओळ बरोबर आहे, मग काम का होत नाही?

"ओळ दहा वेळा तपासली. तरी रात्रीचा बॅकअप झालेला नाही." क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारा प्रोग्राम, नव्याने वापरायला घेतलेल्या वाचकांचा हा ठरलेला प्रश्न. त्याचीच दुसरी बाजू अशी: "काम होतंय, पण भलत्याच वेळी." पाच रकान्यांची ती ओळ शिकायला अर्धा तास पुरतो. घोळ होतो तो ओळीबाहेर. मशीनचं घड्याळ कोणत्या देशाचं आहे, काम कुणाच्या नावाने चालतं, ते फसलं तर कळणार कुणाला, या गोष्टी कुणी सांगत नाही. म्हणून ओळीबद्दल थोडं आणि बाकीच्याबद्दल जास्त सांगतो.

एक सूचना आधीच. इथे आज्ञा आणि अंक देवनागरीत छापले आहेत. मशीनवर टाइप करताना रोमन अक्षरं आणि इंग्रजी अंकच वापरा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली किंवा वर्डमध्ये ठेवलेली ओळ जशीच्या तशी चिकटवू नका. तिथे सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात, छोटी रेघ लांब होते आणि ओळ डोळ्यांना बरोबर दिसूनही मशीनला कळत नाही.

पाच रकाने, याच क्रमाने

टर्मिनलमध्ये `क्रॉनटॅब -ई` दिलंत की तुमची यादी संपादनासाठी उघडते. `क्रॉनटॅब -एल` ती नुसती दाखवतं. प्रत्येक ओळीत आधी पाच रकाने आणि मग आज्ञा:

- मिनिट: ० ते ५९
- तास: ० ते २३, म्हणजे रेल्वेच्या वेळापत्रकासारखा, दुपारचे तीन म्हणजे १५
- तारीख: १ ते ३१
- महिना: १ ते १२
- वार: ० ते ७, रविवार ० सुद्धा आणि ७ सुद्धा, सोमवार १

तारका म्हणजे "कोणताही चालेल". स्वल्पविरामाने यादी होते, आडव्या रेघेने पल्ला, तिरक्या रेघेने टप्पा. `३० २ * * *` म्हणजे रोज रात्री अडीच वाजता. `० ९-१८ * * १-५` म्हणजे सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, दर तासाला. `० १० १० * *` म्हणजे दर महिन्याच्या १० तारखेला सकाळी दहा. जीएसटीआर-१ ची ११ तारीख चुकवणाऱ्यांनी आठवणीसाठी ही ओळ लावून ठेवायला हरकत नाही.

पहिली चूक सगळ्यांची एकच

माझीही तीच. एका हाउसिंग सोसायटीच्या मेंटेनन्सची आठवण दर महिन्याच्या ५ तारखेला सकाळी नऊला मेलने जावी, एवढंच काम होतं. मी लिहिलं `* ९ ५ * *`. मनात वाचलं, "नऊ वाजता, पाच तारखेला." क्रॉनने वाचलं, "पाच तारखेला नऊच्या तासातल्या प्रत्येक मिनिटाला." नऊ वाजून सहा मिनिटांनी सेक्रेटरींचा फोन आला, "अहो, भरतो म्हटलं ना, किती वेळा मागाल?" मी लोकलमध्ये, लॅपटॉप घरी. घरी पोचून ओळ काढेपर्यंत नऊ-चाळीस झाले होते आणि प्रत्येक सभासदाच्या मेलपेटीत एक्केचाळीस पत्रं पडली होती.

पहिल्या रकान्यात तारका दिसली की थांबा. दर मिनिटाला चालवायचं काम क्वचितच असतं. आणि ज्या कामातून दुसऱ्याला मेल किंवा एसएमएस जातो, ते आधी आठवडाभर स्वतःच्याच पत्त्यावर चालवा.

टप्प्याची तिरकी रेघ

`*/७ * * * *` म्हणजे दर सात मिनिटांनी, असं वाटतं. प्रत्यक्षात काम ०, ७, १४ असं करत ५६व्या मिनिटाला होतं आणि तास बदलला की मोजणी पुन्हा शून्यापासून. म्हणजे ५६ नंतर चारच मिनिटांत पुढचं. साठाला नि:शेष भाग जाणारे आकडे घेतलेत, म्हणजे ५, १०, १२, १५, २०, ३०, तर हा प्रश्न येत नाही. तारखेच्या रकान्यात `*/५` दिलंत तर ३१ तारखेला काम होतं आणि दुसऱ्याच दिवशी, १ तारखेला, पुन्हा.

दर दीड तासाने हवं असेल तर एका ओळीत जमत नाही, दोन लागतात: `० ०-२१/३ * * *` आणि `३० १-२२/३ * * *`. दिसायला विचित्र, पण बिनचूक.

तारीख आणि वार: इथे बहुतेकजण फसतात

हा भाग सावकाश वाचा.

बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात. समजा तुमच्या दुकानाच्या संगणकाने दुसऱ्या शनिवारी सकाळी नऊला "आज बँक बंद, रोकड घरी न्या" अशी आठवण द्यायची आहे. दुसरा शनिवार नेहमी ८ ते १४ तारखेतच येतो, म्हणून तुम्ही लिहिता: `० ९ ८-१४ * ६`. तारीख ८ ते १४ आणि वार शनिवार. तर्कात काही चूक नाही.

क्रॉनचा नियम मात्र वेगळा आहे. तारीख आणि वार हे दोन्ही रकाने भरले असतील, तर तो त्यांच्यामध्ये "आणि" धरत नाही, "किंवा" धरतो. तुमची आठवण ८ ते १४ रोज वाजेल आणि शिवाय प्रत्येक शनिवारी वाजेल. महिन्यातून एकदा हवी ती दहा-अकरा वेळा. बाकी सगळ्या रकान्यांत "आणि" चालतो, याच जोडीत "किंवा". का, ते विचारू नका. हा जुना निर्णय आहे आणि आता बदलण्याची शक्यता नाही.

वाट अशी: दोनपैकी एकच रकाना भरा आणि दुसरी अट आज्ञेत तपासा. `० ९ * * ६` म्हणजे दर शनिवारी काम सुरू होईल. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत आजची तारीख ८ ते १४ मध्ये आहे का ते बघा, नसेल तर तिथेच बाहेर पडा. चौथ्या शनिवारासाठी २२ ते २८. महिन्याचा पहिला सोमवार, तिसरा गुरुवार, सगळे याच युक्तीने जमतात.

महिन्याचा शेवटचा दिवस? `० २३ ३१ * *` लिहिलंत तर वर्षातले सातच महिने काम होईल. रूढ उपाय म्हणजे `० २३ २८-३१ * *` आणि स्क्रिप्टमध्ये "उद्या १ तारीख आहे का" ही तपासणी. मी हे टाळतो. महिनाअखेरचा अहवाल १ तारखेला पहाटे काढून त्यावर आदल्या महिन्याचं नाव घालणं कितीतरी सोपं. शिवाय रात्री अकरानंतरच्या नोंदीही त्यात येतात.

आणि जे क्रॉनला मुळीच सांगता येत नाही ते: तिथी. संकष्टी, एकादशी, दिवाळी, गुढीपाडवा यांतलं काहीही पाच रकान्यांत बसत नाही. मंदिराच्या ट्रस्टचं किंवा मंडळाचं काम असेल, तर वर्षाच्या सुरुवातीला पंचांग बघून तारखांची साधी फाइल करा, काम रोज सकाळी चालवा आणि आजची तारीख त्या फाइलीत असली तरच पुढे जाऊ द्या. बँकेच्या सुट्यांनाही हेच.

घड्याळ कुणाचं?

भाड्याने घेतलेले बहुतेक सर्व्हर यूटीसी वेळेवर लावलेले असतात. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. तुम्ही "रात्री दोन, सगळे झोपलेले असताना" म्हणून लावलेला जड बॅकअप आपल्या सकाळी साडेसातला सुरू होतो, आणि दुकान उघडून बिलं करायला बसलेल्या माणसाला संगणक रांगतोय असं वाटतं.

सर्व्हरवर `डेट` ही आज्ञा द्या आणि भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून बघा. फरक साडेपाच तासांचा असेल तर तुमच्यापुढे दोन पर्याय आहेत.

एक, मशीनचीच वेळ आशिया/कोलकाता करणं. मशीन फक्त तुमचं असेल तर हे उत्तम. वेळ बदलल्यावर क्रॉनची सेवा पुन्हा सुरू करायला विसरू नका. तोवर तो जुन्याच वेळेवर चालत राहतो.

दोन, मशीन यूटीसीवरच ठेवून ओळीत वजाबाकी करणं. रात्री दोन म्हणजे यूटीसीचे आदल्या दिवशीचे साडेआठ, म्हणून `३० २० * * *`. रोजच्या कामाला एवढं पुरतं. साप्ताहिक कामात वारही मागे घ्यावा लागतो: आपला सोमवार पहाटे दोन म्हणजे तिथला रविवार, `३० २० * * ०`. मासिक कामात तर हे बसतच नाही, कारण आपल्या १ तारखेचे पहाटेचे दोन म्हणजे तिथली आदल्या महिन्याची शेवटची तारीख, आणि ती कधी २८, कधी ३१. अशा वेळी हट्ट सोडा आणि काम साडेपाचच्या पुढे सरकवा. आपल्याकडे सकाळी सहा म्हणजे तिथे रात्रीचे साडेबारा, तारीख दोन्हीकडे एकच: `३० ० १ * *`.

रेड हॅट घराण्यातल्या लिनक्समध्ये यादीच्या वर क्रॉन-टीझेड असं लिहून वेळक्षेत्र सांगता येतं. डेबियन-उबुंटूच्या नेहमीच्या क्रॉनमध्ये त्यावर विसंबू नका. तिथे नुसतं टीझेड लिहिलंत तर ते तुमच्या आज्ञेला कळतं, वेळापत्रकाला नाही. हा फरक सहज नजरेतून सुटतो.

अमेरिकेत किंवा युरोपात असलेल्या वाचकांना आणखी एक काळजी आहे. तिथे वर्षातून दोनदा घड्याळं पुढेमागे होतात. न्यू जर्सीत मार्चच्या दुसऱ्या रविवारी रात्रीचे अडीच वाजतच नाहीत, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी दीड दोनदा वाजतो. काही क्रॉन हे सांभाळून घेतात, काही नाही. अशा घड्याळावर चालणाऱ्या मशीनवर रात्री एक ते चारच्या दरम्यान काही लावूच नका, प्रश्न मिटला.

"हाताने चालवलं की चालतं"

ही तक्रार आली की ऐंशी टक्के उत्तर ठरलेलं असतं, आणि हा आकडा माझ्या अंदाजाचा आहे, कुठल्या पाहणीचा नव्हे. तुम्ही टर्मिनल उघडता तेव्हा तुमच्या सगळ्या सवयीच्या सोयी आपोआप लागू होतात: कुठले प्रोग्राम कुठे आहेत, कुठल्या फोल्डरात आहोत, भाषा कोणती. क्रॉन तुमचं काम चालवतो ते जवळजवळ रिकाम्या हातांनी. त्यामुळे:

- प्रोग्रामचं नुसतं नाव देऊ नका, पूर्ण मार्ग द्या. तो `व्हिच` या आज्ञेने कळतो.
- फाइलींचेही पूर्ण मार्ग द्या. क्रॉन तुमच्या होम फोल्डरातून सुरुवात करतो, स्क्रिप्ट जिथे ठेवली आहे तिथून नाही.
- आज्ञेत टक्क्याचं चिन्ह असेल तर त्याच्याआधी उलटी तिरकी रेघ द्या. क्रॉन टक्क्याला ओळ संपल्याची खूण समजतो. फाइलीच्या नावात तारीख घालणाऱ्यांना हे हमखास नडतं. सोपा मार्ग म्हणजे ते सगळं स्क्रिप्टमध्ये ठेवा आणि क्रॉनमध्ये फक्त स्क्रिप्टचं नाव.
- फाइलींची नावं मराठीत असतील, "हिशोब मार्च" वगैरे, तर स्क्रिप्टच्या वरच यूटीएफ-८ भाषा ठरवून द्या. काही मशीनवर क्रॉनला ती मिळत नाही आणि मग नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.
- शेवटच्या ओळीनंतर एंटर दाबा. गंमत नाही, त्याच्याशिवाय ती ओळ काही क्रॉन घेत नाहीत.

उबुंटूवर रोजच्या कामांच्या फोल्डरात, म्हणजे क्रॉन-डेलीत, स्क्रिप्ट टाकणाऱ्यांसाठी खास खड्डा: नावात टिंब असलेली फाइल तिथे चालवलीच जात नाही. "बॅकअप.एसएच" वर्षभर पडून राहील आणि एररही दिसणार नाही. शेपूट काढून नुसतं "बॅकअप" ठेवा.

झालं की नाही, हे कळायला हवं

क्रॉन स्वतःहून ओरडत नाही. आज्ञेने काही छापलं तर तो ते मेलने पाठवायचा प्रयत्न करतो, पण मशीनवर मेलची व्यवस्था नसेल तर ते हवेत जातं. म्हणून आज्ञेचं सगळं छापील, एररसह, एका लॉग फाइलीत जोडत राहा. क्रॉनने काम सुरू केलं की नाही ते उबुंटूवर सिसलॉगमध्ये किंवा `जर्नलसीटीएल` ने दिसतं, रेड हॅटवर व्हार-लॉगमधल्या क्रॉन नावाच्या फाइलीत. तिथे नोंद आहे पण काम नाही, तर चूक तुमच्या स्क्रिप्टमध्ये. नोंदच नाही, तर ओळीत, घड्याळात किंवा परवानगीत.

आणि बॅकअप असेल तर महिन्यातून एकदा त्यातली एक फाइल परत काढून उघडून बघा. शून्य बाइटचा बॅकअपही रोज वेळेवर होऊ शकतो.

काम लांबलं आणि पुढची पाळी आली तर दोन प्रती एकदम चालतात, हेही लक्षात ठेवा. दर पाच मिनिटांच्या कामाला सहा मिनिटं लागायला लागली की मशीन हळूहळू गुदमरतं. `एफलॉक` ही आज्ञा पुढे लावलीत की पहिलं संपेपर्यंत दुसरं सुरू होत नाही.

मशीन बंद असेल तर

क्रॉन चुकलेलं काम नंतर करत नाही. लॅपटॉप रात्री बंद करून ठेवणाऱ्यांनी त्यावर रात्रीचे तीन लावण्यात अर्थ नाही. लिनक्सवर अ‍ॅनाक्रॉन आहे, किंवा सिस्टमडीचा टायमर, त्यात "पर्सिस्टंट" हो केलंत की चुकलेलं काम मशीन सुरू झाल्यावर होतं. मॅकवर लाँचडी वापरा. झोपलेलं मशीन जागं झालं की ते राहिलेलं काम करतं. विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये चुकलेलं काम शक्य तितक्या लवकर करण्याची एक खूण असते, ती मुळात लावलेली नसते, आपण लावावी.

एक ओळ, अनेक बोली

क्रॉन १९७०च्या दशकात युनिक्समध्ये आला. आज लिनक्सवर दिसतो तो बराचसा पॉल व्हिक्सी यांनी १९८७मध्ये लिहिलेल्या रूपातून आलेला. पुढे प्रत्येकाने त्यात आपापली भर घातली. म्हणून दुसरीकडून आणलेली ओळ लावण्याआधी रकाने मोजा. जावामधल्या क्वार्ट्झमध्ये आणि स्प्रिंगमध्ये पहिला रकाना सेकंदांचा असतो. अ‍ॅमेझॉनच्या इव्हेंटब्रिजमध्ये शेवटी वर्ष असतं. क्वार्ट्झ आणि इव्हेंटब्रिज दोघेही रविवार १ धरतात, म्हणजे तिथला २ हा आपला सोमवार, आणि तारीख-वारांपैकी एका रकान्यात प्रश्नचिन्ह मागतात. वार आकड्याऐवजी इंग्रजी तीन अक्षरांत लिहिलात तर निदान हा घोळ तरी टळतो. गिटहबवर पाच मिनिटांपेक्षा कमी अंतर चालत नाही, आणि तासाच्या ठोक्याला गर्दी असल्याने काम उशिराही सुरू होतं. तिथे ० ऐवजी १७ किंवा ४३ असं आडनिडं मिनिट द्या. ही सवय स्वतःच्या सर्व्हरवरही चांगलीच.

तुमचा हक्क कुठपर्यंत

साध्या वापरकर्त्यालाही स्वतःची क्रॉन यादी ठेवता येते, त्यासाठी रूटचे, म्हणजे मशीनच्या मुख्य प्रशासकाचे, अधिकार लागत नाहीत. मात्र मशीन सांभाळणारा क्रॉन-अलाउ आणि क्रॉन-डिनाय या फाइलींतून कुणाला परवानगी द्यायची ते ठरवू शकतो. शेअर्ड होस्टिंग घेताना हे आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या:

- कमीत कमी किती मिनिटांच्या अंतराने काम लावता येतं?
- सर्व्हरचं घड्याळ कोणत्या वेळेवर आहे?
- कामाचं छापील मला कुठे मिळेल?
- काम फार वेळ चाललं तर तुम्ही ते मध्येच बंद करता का?

पासवर्ड क्रॉनच्या ओळीत कधीही लिहू नका. काम चालू असताना मशीनवरच्या इतरांना चालू प्रोग्रामांच्या यादीत तो दिसू शकतो. आणि संस्थेचं काम कुणा एकाच्या वैयक्तिक खात्यात लावू नका. तो माणूस नोकरी सोडतो, खातं बंद होतं आणि पगारपत्रकं निघायची थांबतात. काही मशीनवर तर नुसती पासवर्डची मुदत संपली तरी त्या खात्याची क्रॉन कामं थांबतात. कामासाठी वेगळं खातं काढा आणि प्रत्येक ओळीच्या वर, हॅश देऊन, हे काम कशासाठी आणि कुणाला विचारून बंद करायचं ते लिहा. तिथे मराठीत लिहिलं तरी चालतं.

शेवटी एक धोका कीबोर्डवरचा. `क्रॉनटॅब -ई` ने यादी उघडते आणि `क्रॉनटॅब -आर` ने पूर्ण यादी पुसली जाते, न विचारता. ई आणि आर ही अक्षरं कीबोर्डवर शेजारी आहेत. आज हा लेख खाली ठेवण्याआधी `क्रॉनटॅब -एल` चं छापील एका फाइलीत उतरवा, आणि मग `१७ १ * * *` अशी ओळ लावून ते रोज आपोआप होऊ द्या. ती फाइल मात्र दुसऱ्या मशीनवर जाईल असं बघा.